जव ते जिंजर बिअर : नेरुळच्या किचनमधल्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी, शनिवार

आधी कायद्याचं बघून घेतलं, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे, परवान्याशिवाय दारू बनवणं त्यात गुन्हा आहे आणि बिअर पण त्यातच आली, मग ती घरच्यापुरती का असेना. इंग्लंडमध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ ला गेली, अमेरिकेत १९७८ ला कायदा बदलला, म्हणून तर होमब्रूइंगचे सगळे व्हिडिओ, सगळी पुस्तकं तिकडची असतात आणि ती बघून आपल्याकडची पोरं थेट यीस्टची पाकिटं मागवतात. मला ते करायचं नाहीये.

पण बिअर कशी बनते ते नीट वाचलं की कळतं, यीस्ट पडायच्या आधीच निम्म्याहून जास्त काम उरकलेलं असतं. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भरडायचं, ठराविक गरम पाण्यात ठेवून त्यातल्या स्टार्चची साखर करायची, गाळायचं, उकळायचं. खरं कसब इथे आहे आणि नवीन माणूस नेमकं हेच सोडून देतो कारण तयार माल्टचा डबा मिळतो. म्हणून मी प्रकल्प असा ठरवलाय की जवापासून माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, घरी करायचं, त्याचा गोड काढा म्हणजे वर्ट काढायचा, आणि मग आलं घालून तो थोडासाच आंबवायचा. थोडासाच म्हणजे ०.५ टक्क्याच्या आत. एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात त्याच्या वर अल्कोहोल गेलं की ते पेय अल्कोहोलिक धरतात, आपली रेघ तीच.

जानेवारी मुद्दाम निवडला. मोड आणायला १५ ते १८ डिग्री लागतं असं लिहिलेलं असतं, नवी मुंबईत त्याच्या जवळपास जायचं तर हेच दिवस, तेसुद्धा रात्रीचे.

५ जानेवारी, रविवार

जव शोधणं हे वेगळंच काम आहे. किराणा दुकानात बार्ली म्हणून जी पांढरी गुळगुळीत मिळते ती पॉलिश केलेली असते, टरफल गेलेलं, अंकूर पण घासून गेलेला, तिला मोड येणारच नाहीत, ती सूपला ठीक आहे. पूजेच्या दुकानात अख्खे जव मिळतात पण ते किती जुने हे दुकानदाराला पण माहीत नसतं. आणि बियाणांच्या दुकानातले जव अजिबात घ्यायचे नाहीत, हे ठळक लिहून ठेवतो, कारण पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा गुलाबी-लाल रंग असतो, ते खायचं धान्य नाही, धुऊन पण नाही.

शेवटी वाशीला एपीएमसीच्या धान्य मार्केटमध्ये गेलो. तिथे एका गाळ्यावर अख्खे, टरफलासकट जव मिळाले, माल राजस्थानचा होता. देशात जव सगळ्यात जास्त तिथेच पिकतो. व्यापारी म्हणाले, "पाच किलोच्या खाली नाही देत साहेब, आणि हे सातूच्या पिठाला नेतात, तुम्हाला कशाला हवेत?" मी म्हटलं मोड आणायचेत. "मग हा घ्या, ह्या सीझनचा आहे," म्हणून मागचं पोतं उघडून दाखवलं. दाणे भरलेले, एकसारखे, वासाला स्वच्छ. घेतले.

८ जानेवारी, बुधवार

उगवण चाचणी झाली. शंभर दाणे ओल्या टिश्यूत गुंडाळून डब्यात ठेवले होते, पूजेच्या दुकानातले शंभर आणि एपीएमसीतले शंभर, वेगवेगळे. पूजेवाल्यांतले ६१ उगवले, एपीएमसीतले ९४. माल्ट करायचं तर नव्वदीच्या वर पाहिजेच, कारण जो दाणा उगवत नाही तो नुसता ओला पडून राहतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. हे तीन दिवस कुणी वाचवू नयेत.

११ जानेवारी, शनिवार

सकाळी १ किलो जव पाण्यात घातले. भरपूर कचरा आणि पोकळ दाणे वर तरंगले ते काढून टाकले. पाणी तीन-चार वेळा बदलून धुतलं.

भिजवायची पद्धत कडधान्यापेक्षा वेगळी आहे. आपण मटकी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतो तसे जव सलग ठेवले तर गुदमरतात, दाण्याला श्वास लागतो. म्हणून आठ तास पाण्यात, मग पाणी काढून आठ तास चाळणीत मोकळे, परत आठ तास पाण्यात, असं चालतं. किती भिजलं हे डोळ्यांनी कळत नाही, वजनाने कळतं. कोरड्या जवात साधारण १२ टक्के पाणी असतं, ते ४४-४५ पर्यंत न्यायचं असतं, म्हणजे हिशोबाने १ किलोचं वजन साधारण १ किलो ५५० ते ६०० ग्रॅम झालं की थांबायचं. किचनचा साधा वजनकाटा पुरतो.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी वजन १ किलो ५६०. दाण्याच्या बुडाशी पांढरं टोक दिसायला लागलंय, म्हणजे दाणा जागा झाला. दोन मोठ्या स्टीलच्या परातींत दोन बोटं जाडीचा थर करून ठेवले, वर ओला पंचा. घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे उत्तरेकडची छोटी खोली, खिडकी उघडी, पंखा हळू. थरात खुपसलेला थर्मामीटर २१ दाखवतोय. पुस्तकातल्या १८ ला नाही पोचलो पण चालेल, जरा लवकर उगवतील एवढंच.

१४ जानेवारी, संक्रांत

दिवसातून तीनदा हाताने वरखाली करतोय. उगवताना धान्य स्वतः उष्णता सोडतं, थराच्या मध्यात तापमान २४ पर्यंत चढतं, आणि मुळं एकमेकांत गुंतून चटई झाली की मग सोडवताना तुटतात. म्हणून हलवणं चुकवायचं नाही. वास ताजी काकडी कापल्यासारखा येतोय, आणि तो तसाच यायला हवा, आंबूस आला तर कुठेतरी पाणी साठलंय.

तिळगूळ द्यायला आई आली, परात बघितली आणि म्हणाली, "हे तर सत्त्वच चाललंय की तुझं."

खरंच तेच आहे. तिची पद्धत तिने सांगितली तशी लिहून ठेवतो : नाचणी रात्रभर भिजवायची, पाणी काढून सुती कापडात घट्ट बांधून टांगायची, एक-दोन दिवसांत बारीक पांढरे मोड आले की सावलीत वाळवायची, मंद भाजायची, मोड चोळून काढायचे आणि दळायची. मी विचारलं, "आई, मोड न आणता नुसती दळली तर?" "मग पेज घट्ट होते रे, बाळाला गिळवत नाही, सत्त्वाची पेज पातळ राहते म्हणून जास्त पीठ घालता येतं." आता हे अगदी बरोबर केमिस्ट्री आहे. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते स्टार्चची लांब साखळी कापतं, म्हणून पेज दाट होत नाही. ब्रूअर लोक जवाला हेच करतात, फक्त तापमान मोजून. आईने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, तिच्या सासूकडून शिकली, आणि मला तर वाटतं ज्या घरात सत्त्व होतं त्या घरातल्या माणसाला माल्टिंग वेगळं शिकवायची गरजच नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

कधी थांबायचं? बाहेरची मुळं बघून ठरवायचं नाही. दाण्याच्या पाठीवर टरफलाखाली एक कोंब सरकत असतो, नखाने टरफल सोललं की दिसतो. तो दाण्याच्या लांबीच्या पाऊण ते पूर्ण झाला की झालं. कमी असेल तर आत स्टार्च अजून घट्ट, जास्त होऊन बाहेर आला तर दाण्याने आपली साखर स्वतःच खाल्ली. दहा दाणे सोलून बघितले, बहुतेक पाऊणच्या पुढे आहेत. दाणा बोटांत चुरडला की खडूसारखा पांढरा फासला जातो, मध्ये टणक गोळी राहात नाही. उद्या वाळवणं.

१७ आणि १८ जानेवारी

वाळवणं दोन टप्प्यांत, हा क्रम पाळायचाच. ओला दाणा एकदम तापवला तर एन्झाइम मरतं, सुकलेल्या दाण्यात तेच एन्झाइम ८० डिग्री पण सहन करतं. म्हणून आधी ऊन. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून गच्चीवर पंच्यावर पसरले, वर जाळी, कारण नेरुळची कबुतरं. दोन दिवस कडक ऊन मिळालं, हवेत दमटपणा कमी होता. पावसाळ्यात हे काम इथे होणार नाही, तेव्हा डिहायड्रेटर लागेल.

(गच्चीवरून खाडीकडे फ्लेमिंगोंचा थवा उडताना दिसला, ही नोंद प्रकल्पाची नाही पण ठेवतो.)

१९ जानेवारी, रविवार

दाणा दाताखाली कट्कन तुटतोय. मग एअर फ्रायरमध्ये ८० डिग्रीला थोडे थोडे करून प्रत्येक घाण्याला दोन तास. माझ्याकडच्या ओटीजीचं सगळ्यात कमी सेटिंग १०० आहे म्हणून तो वापरला नाही, ज्यांचा ६०-८० ला स्थिर राहतो त्यांनी वापरावा. खोलीभर भाजल्या बिस्किटांचा वास. गरम असतानाच पंच्यात घालून चोळले की मुळं सुटतात, ती कडवट असतात म्हणून सुपात पाखडून टाकली.

शेवटचं वजन ८१० ग्रॅम. १ किलो जवातून एवढंच येतं, पाणी गेलं, मुळं गेली, थोडा स्टार्च उगवण्यात जळाला. डब्यात भरून ठेवलं. नवीन माल्ट लगेच वापरत नाहीत, दोन-तीन आठवडे मुरू देतात. तोवर उरलेले जव किलो-किलोने भिजत घालतोय.

९ फेब्रुवारी, रविवार

आज मॅश, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात ठेवून त्याची साखर करणं. सगळ्यात महत्त्वाचा दिवस म्हणून सविस्तर लिहितो.

भरड : माल्टचं पीठ करायचं नाही. आतलं फुटलं पाहिजे आणि टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे, कारण नंतर तेच टरफल गाळणीचं काम करतं. गिरणीत दिलं नाही, तिथे आधीच्या गव्हा-ज्वारीचं पीठ मिसळतं. आईचं जुनं जातं आहे, त्यावर खुंटा जरा उचलून भरडलं, अगदी लापशीच्या रव्यापेक्षा जाड. जातं नसेल तर मिक्सर चालू-बंद, चालू-बंद, दोन-दोन सेकंद.

पाणी : नेरुळला पाणी मोरबे धरणाचं येतं, महापालिकेचं स्वतःचं धरण. क्लोरीन घातलेलं असतं म्हणून आदल्या रात्री उकळून उघडं ठेवलं.

तापमान : दोन एन्झाइमं आहेत. एक बीटा, ते ६० ते ६५ च्या आसपास खुश असतं आणि आंबणारी साखर करतं. दुसरं अल्फा, ते ७० च्या आसपास जोरात चालतं आणि मोठे तुकडे ठेवतं, जे यीस्टला नीट खाता येत नाहीत, त्याने पेयाला अंग येतं. म्हणून ६५ ला मॅश केला तर हलकं, ६९ ला केला तर भरदार. मला आंबवायचं कमी आणि अंग जास्त हवंय म्हणून ६८ धरलं. १ किलो भरड, ३ लिटर पाणी. भरड खोलीच्या तापमानाला म्हणजे २८ वर असते, ती पडली की पाणी पाच-सहा डिग्रीने उतरतं, पातेलं पण थोडं खातं, म्हणून पाणी ७५ ला आणलं, गॅस बंद केला, भरड घालून गुठळ्या मोडल्या, थर्मामीटर ६८ वर स्थिर. झाकण घालून पातेलं दोन गोधड्यांत गुंडाळलं. तासाभराने उघडलं तेव्हा ६५. महागड्या इन्सुलेटेड डब्याशिवाय एवढं टिकतंय हे बघून फार बरं वाटलं.

सुरुवातीला ते दाट पिठूळ लापशीसारखं होतं, वीस मिनिटांनी चमचा घातला तर वर पातळ चकाकणारं पाणी, चाटलं तर गोड. साखरेचा एक दाणा घातलेला नाही! मी वाचलं होतं, माहीत होतं, तरी जिभेवर आलं तेव्हा अंगावर काटा आला.

आयोडीन टेस्ट : मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणलं. पांढऱ्या बशीत मॅशचा थेंब, त्यावर आयोडीनचा थेंब. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, आयोडीनचाच पिवळट-तपकिरी रंग राहिला तर सगळी साखर झाली. पंधरा मिनिटांनी काळं, पस्तीस मिनिटांनी जांभळट, पन्नास मिनिटांनी स्वच्छ. थेंब घेताना टरफल येऊ द्यायचं नाही, ते कायम काळंच दाखवतं. आणि ती बशी ओतून टाकायची, परत पातेल्यात नाही.

गाळणं : मोठ्या चाळणीत कापड न घालता आधी नुसती भरड बसू दिली. पहिलं गढूळ आलेलं परत वरून हळूच ओतलं, दोन-तीनदा असं केलं की टरफलांचा थर बसतो आणि खाली स्वच्छ पाणी यायला लागतं. मग वरून ७५ डिग्रीचं साडेचार लिटर पाणी थोडं थोडं करून. याच्यापेक्षा गरम ओतू नये, टरफलातला तुरटपणा उतरतो. जवळपास साडेसहा लिटर मिळालं.

उकळणं : अर्धा तास. पहिल्या उकळीला तपकिरी फेस एकदम वर येतो, तिथे उभं राहावं लागतं. नंतर पोह्यांसारखे प्रोटीनचे तुकडे तरंगताना दिसतात, ते खाली बसू द्यायचे. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, मी घातले नाहीत, आपल्या इथल्या बाजारात मिळत नाहीत, हिमाचलात लाहौलला पिकतात तेवढे. त्याऐवजी शेवटच्या दहा मिनिटांत गवती चहाची मूठ आणि ठेचलेलं आलं.

थंड करणं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवून, ढवळत, वीस मिनिटांत ३० वर.

हायड्रोमीटरने, म्हणजे साखरेमुळे द्रव पाण्यापेक्षा किती घन झालाय ते मोजणाऱ्या नळीने, १.०२९ दाखवलं (यातल्या ०.००१ ला एक पॉइंट म्हणतात). पण हायड्रोमीटर २० डिग्रीला जुळवलेला असतो आणि इथे वर्ट ३० ला आहे, गरम पाणी पातळ असतं, त्यामुळे साधारण अडीच ते तीन पॉइंट कमी दिसतं. म्हणजे खरं १.०३२. हे मुद्दाम लिहितोय कारण पुढे मला मोजायचा फरकच तीन पॉइंटचा आहे. दोन वेगळ्या तापमानाला मोजलं तर सगळा हिशोब फसेल, म्हणून यापुढे प्रत्येक मोजणी नमुन्याचा ग्लास गार पाण्यात बुडवून २० ला आणूनच.

आज आंबवायला काही तयार नाहीये. वर्ट आम्ही तसाच गार करून लिंबू पिळून प्यायलो. हॉर्लिक्सची आठवण येणारच, ते मूळचं माल्ट केलेल्या जवाचं आणि गव्हाचंच आहे, दुधासकट. सोसायटीतल्या पोरांना खूप आवडलं. उरलेला लगेच फ्रीजमध्ये. न आंबवलेला वर्ट बाहेर ठेवायचा नाही, त्यात आंबटपणा कमी असतो, पीएच पाचच्या वर, बंद बाटलीत बाहेर राहिला तर बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो. दोन-तीन दिवसांत संपवा नाहीतर फ्रीझरमध्ये टाका.

१० फेब्रुवारी, सोमवार

उरलेला चोथा टाकायचा नाही. कांदा, कोथिंबीर, तिखट, ज्वारीचं पीठ घालून थालीपीठ केली, टरफल थोडं दाताखाली येतं म्हणून चोथा मिक्सरमधून काढून घ्यावा. बाकीचा पसरून वाळवला. शेजारच्या काकूंनी अर्धा नेला, त्यांच्या गावाकडच्या गाईसाठी.

२३ फेब्रुवारी, रविवार

आता आंबवणाची तयारी. पाकिटातलं यीस्ट नाही, आल्याच्या सालीवर जे राहतं तेच. जुनी इंग्रजी जिंजर बिअर एका विरजणावर व्हायची, हॅरी मार्शल वॉर्ड नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ मध्ये ते तपासून दाखवलं की त्यात यीस्ट आणि एक जिवाणू असे दोघं मिळून राहतात. आपण जे करतोय ते त्याचंच सोपं भावंड, याला जिंजर बग म्हणतात.

बरणीत दोन कप पाणी, दोन चमचे किसलेलं आलं सालीसकट, दोन चमचे साखर. साल हवीच, यीस्ट तिथेच असतं, म्हणून आलं नुसतं धुवायचं, खरवडायचं नाही. सातारचं आलं घेतलं, ताजं, माती लागलेलं. कापडाने तोंड बांधून ओट्यावर. रोज एक चमचा आलं एक चमचा साखर.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बुडबुडे. थंड देशात आठवडा सांगतात, इथे ३१ डिग्रीला तीन दिवसांत ढवळलं की फसफसतंय. वास आल्याचा आणि जरासा ताकासारखा. वर केसाळ किंवा रंगीत काही आलं असतं तर सगळं फेकलं असतं, तसं नाहीये.

८ मार्च, शनिवार

घरच्या माल्टचा दुसरा मॅश काल केला, वर्ट १.०३२, २० डिग्रीला. आज बाटल्या.

आधी हिशोब, कारण इथेच खरी मेख आहे. साखर आंबली की अल्कोहोल आणि गॅस दोन्ही एकाच वेळी होतात, एक हवं दुसरं नको असं होत नाही. हायड्रोमीटर किती पॉइंट उतरला त्याला ०.१३ ने गुणलं की साधारण अल्कोहोलचा टक्का मिळतो. तीन पॉइंट उतरला तर ०.३९, चार उतरला की ०.५२, रेघ ओलांडली. बगमधूनही किंचित येतं म्हणून मी तीनवर थांबणार. तीन पॉइंट म्हणजे लिटरमागे जेमतेम सहा ग्रॅम साखर आंबली, त्यातून गॅस साधारण तीन ग्रॅम. बाजारातल्या कोलामध्ये याच्या दुपटीहून जास्त गॅस असतो. म्हणजे आपलं पेय मंद फेसाचं राहणार, हे आधीच स्वीकारायचं. जास्त झणका हवा असेल तर पिताना त्यात गार सोडा ओतायचा, बाटलीत जास्त वेळ ठेवून नाही.

पाच लिटर वर्ट, दोन लिंबांनी सुरुवात करून पीएच पट्टीवर ४.२ येईपर्यंत रस, पाव लिटरपेक्षा जरा जास्त गाळलेला बग. बाटल्या फक्त सोड्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या, गॅससाठीच बनवलेल्या असतात. काचेच्या शोभेच्या बाटल्या किंवा पाण्याच्या पातळ बाटल्या नाहीत, ३२ डिग्रीला काच फुटली तर इजा होते. प्लास्टिकचा फायदा हा की दाबून कळतं. गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, सॅनिटाइझ करून, वर तीन बोटं जागा ठेवून भरल्या. एक छोटी बाटली वेगळी भरली, ती फक्त मोजायला.

भरल्या दुपारी दोनला. रात्री दहाला बाटली अजून दबते. छोटीतला नमुना दोन ग्लासांत वरखाली ओतून गॅस काढला (गॅस राहिला तर हायड्रोमीटर उचलला जातो आणि खोटं दाखवतो), २० ला आणला : १.०३१.

९ मार्च, रविवार

सकाळी सातला बाटली टणक व्हायला लागलीय, नमुना १.०२९ आणि किंचित वर. लगेच सगळ्या फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये आंबणं थांबत नाही, मंदावतं, म्हणून आठवड्याच्या आत संपवायच्या आणि मधे एकदा झाकण सैल करून बघायचं.

संध्याकाळी उघडली. फेस बारीक, पटकन बसणारा. आल्याचा झणका घशात, मग माल्टची बिस्किटासारखी गोडी, शेवटी लिंबू. नुसत्या साखरेच्या जिंजर बिअरमध्ये तोंडात काही उरत नाही, इथे उरतं, ६८ च्या मॅशचं अंग ते हेच. एका मायक्रोब्रूअरीत काम करणारा मित्र आला होता, त्याने दोन घोट घेतले, गप्प राहिला, मग विचारलं, "माल्ट कुठून मागवलंस?" मी परात दाखवली.

३० मार्च, पाडवा

पंचवीस माणसांना पुरेल एवढं केलं, ग्लासात निम्मं हे निम्मा गार सोडा. पोरांना न आंबवलेला वर्ट आणि सोडा, तो वेगळ्या जगमध्ये, गवती चहाची पात लावून खूण केलेला. श्रीखंड-पुरीबरोबर आंबट-तिखट छान जातं. बाबांचं म्हणणं पडलं की आलं अजून लागेल आणि गोडी कमी, पुढच्या वेळी लिटरला चाळीस ग्रॅमवरून साठ ग्रॅम करतोय, गोडी मात्र कमी करायला मॅश ६५ ला घेऊन चालणार नाही, तिथे तर जास्तच साखर होते. माल्ट कमी करून वर्टच १.०२६ चा काढायचा.

उन्हाळ्यात वेळेचं गणित पण बदललं. खोली ३३ ला होती, बाटल्या आठ-नऊ तासांतच तयार. मार्चनंतर ज्यांना करायचंय त्यांनी बाटल्या सकाळी भराव्यात, रात्री नाही, नाहीतर तीन पॉइंट झोपेतच निघून जातात.

६ एप्रिल, रविवार

आता परातीत जव उगवायची हवा गेली, २५ च्या खाली घर येतच नाही. जानेवारीतलं माल्ट दीड किलो शिल्लक आहे ते पुरवून वापरायचं, म्हणून नाचणी आणली. ज्वारीचा पण विचार होता पण ज्वारीच्या कोंबात धुरिन असतं ज्यातून सायनाइड सुटतं, कोंब पूर्ण काढून नीट तापवून करतात, अफ्रिकेत ज्वारीची बिअर तशीच होते, पण मला ते घरी पहिल्याच उन्हाळ्यात करायचं नाही. नाचणीला ती भानगड नाही, आणि आईचं सत्त्व घरात आहेच.

नाचणी बारीक, तिला जवासारखं टरफल नाही, एकटी घेतली तर गाळणी तुंबते. स्टार्च पण जवापेक्षा जास्त तापमानाला फुलतो. म्हणून असं केलं : ३०० ग्रॅम सत्त्व दोन लिटर उकळत्या पाण्यात शिजवून पेज केली. हळूहळू तापली असती तर आईच्या पेजेसारखी पातळ राहिली असती, पण उकळत्या पाण्यात सत्त्वातली स्वतःची एन्झाइमं लगेच मरतात त्यामुळे पेज दाट झाली, पळी उभी राहील इतकी. ती ७२ पर्यंत उतरू दिली आणि त्यात ७०० ग्रॅम जवाच्या माल्टची भरड आणि एक लिटर ७२ चंच पाणी घातलं. आईला मुद्दाम ओट्याजवळ उभं केलं होतं. दहा मिनिटं झाली नाहीत तोवर पेज पाण्यासारखी पातळ, ढवळताना पळीला काही लागेना. आई म्हणाली, "बघू," म्हणून पळी हातात घेतली, दोन-तीनदा वरून सोडून बघितली.

आयोडीन चाळीस मिनिटांत स्वच्छ. गाळायला जवाच्या टरफलांनी साथ दिली, वेळ थोडा जास्त लागला. वर्ट १.०३०, रंग लालसर तपकिरी, चवीला भाजल्या नाचणीचा खमंगपणा जो नुसत्या जवात येत नाही. यात गवती चहा नाही घातला, फक्त आलं लिटरला साठ ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. बाटल्या उद्या सकाळी सातला भरतोय, पहिला नमुना दुपारी बाराला.